आईचा दुसरा संसार : मंगेशीपासून मुंबईपर्यंत



वाळवंटीच्या काठी वसलेल्या या साखळी गावाला विठ्ठलाच्या चैत्रोत्सवाची जशी परंपरा आहे, तशीच मराठी पुस्तके जपण्याचीही आहे. परकी सत्ता असताना ज्यांनी येथे मराठी अक्षर जिवंत ठेवले, त्यांनी कपाटांत केवळ पोथ्या आणि बखरी ठेवल्या नाहीत. हरिभाऊ आपटे ठेवले, देवल ठेवले, साने गुरुजी ठेवले आणि पुढे विभावरी शिरूरकरही ठेवल्या. या कपाटांपुढे उभे राहिले असता एक प्रश्न मनात येतो. मराठी साहित्याने आईची पूजा केली. पण त्या आईला स्वतःचे असे एक मन असते, तिलाही कुणाची सोबत हवीशी वाटू शकते, ही गोष्ट त्याने किती वेळा मान्य केली? आणि ती सोबत तिच्यापेक्षा वयाने लहान असलेल्या पुरुषाची असेल, तर? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. विषय नाजूक आहे, पण ग्रंथालयाच्या सभागृहात नाजूक विषय बोलावयाचे नाहीत तर ते बोलावयाचे तरी कोठे?

प्रथम साहित्याची साक्ष घेऊ. १८५७ साली बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. मराठी कादंबरीचा आरंभच विधवांच्या दुःखापासून झाला, ही आपल्या वाङ्मयेतिहासातील अर्थपूर्ण घटना होय. त्यानंतर हरिभाऊंच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधील यमूने घराघरांतील वाचकांना रडविले. १८९९ साली देवलांची ‘शारदा’ रंगभूमीवर आली. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ कोवळ्या मुलीशी विवाह करू पाहतो, या विषयाने महाराष्ट्र आणि गोमंतक दोन्ही हलले. पण ‘शारदा’ पाहून डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकांच्या घरी नवरा बायकोपेक्षा दहा, पंधरा, क्वचित वीस वर्षांनी मोठा असणे ही नित्याची गोष्ट होती. त्या काळी प्रश्न मर्यादेचा होता, तत्त्वाचा नव्हता. पुरुषाने मोठे असावे आणि स्त्रीने लहान असावे, हा जणू सृष्टीचाच नियम, असे मानले गेले. या नियमाची उलट बाजू रंगभूमीने फारशी दाखविली नाही. आणि दाखविली तेव्हा बहुधा हसण्यासाठी दाखविली.

१९३४ साली विभावरी शिरूरकरांनी ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी लिहून एक धीट पाऊल टाकले. पतीने टाकलेली अचला दुसऱ्या पुरुषाबरोबरचे सहजीवन स्वीकारते, हे त्या काळच्या वाचकाला सहजी पचणारे नव्हते. पुढच्याच वर्षी, १९३५ साली, ‘श्यामची आई’ प्रसिद्ध झाली. एकीकडे त्यागाची मूर्ती असलेली आई आणि दुसरीकडे स्वतःच्या सुखाचा हक्क मागणारी स्त्री, ही दोन पुस्तके एका वर्षाच्या अंतराने आली. मराठी मनाने पहिलीला देव्हाऱ्यात बसविले आणि दुसरीला कपाटाच्या मागल्या रांगेत ठेवले. साने गुरुजींच्या पुस्तकाचे मोठेपण यत्किंचितही कमी न करता एवढे म्हणता येईल की, देव्हाऱ्यातल्या मूर्तीला कुणी ‘तू एकटी आहेस का?’ असे विचारीत नाही.

आता समाजसुधारणेच्या इतिहासाकडे वळू. विधवाविवाहाच्या चळवळीचा भर मुख्यतः बालविधवांवर होता. ज्या मुलीने संसार पाहिलाच नाही तिला तो मिळावा, हा युक्तिवाद करुणेला चटकन पटणारा होता. परंतु जिच्या कडेवर मूल आहे, तिचे काय? धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. या गोदूबाई म्हणजेच पुढे बाया कर्वे. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याही तरुणपणीच विधवा झाल्या. पण त्यांच्या पदरी मुलगा होता. पार्वतीबाईंनी पुनर्विवाह केला नाही. त्यांनी आपले आयुष्य कर्व्यांच्या आश्रमाला वाहिले, त्यासाठी देशोदेशी निधी गोळा केला आणि ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र लिहिले. दोघी सख्ख्या बहिणी, दोघीही थोर. पण एकीची वाट दुसऱ्या संसाराकडे गेली आणि दुसरीची सेवेकडे. पार्वतीबाईंची निवड त्यांची स्वतःची होती आणि ती आदरणीयच आहे. अडचण एवढीच की, पुढे समाजाने ती निवड न ठेवता नियम केला. मूल असलेल्या विधवेने सेवा करावी, शिवणकाम करावे, शिक्षिका व्हावे; संसार मात्र करू नये.

कायद्यानेही हाच संकेत दिला होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने विवाहाला मान्यता दिली खरी. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाप्रमाणे पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क, ती जणू त्या क्षणी मरण पावली असे समजून, संपुष्टात येई. तिसऱ्या कलमाप्रमाणे मृत पतीचे नातलग मुलांसाठी दुसरा पालक नेमावा असा अर्ज न्यायालयात करू शकत. म्हणजे एका हाताने मंगळसूत्र द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने घर आणि मूल काढून घ्यावयाचे. हा कायदा १९८३ साली रद्द झाला. त्याची छाया मात्र मनांवर बराच काळ राहिली. बहुजन समाजात पाटाची, म्होतुराची रीत पूर्वापार होती. तेथे कडेवरच्या मुलासह बाई दुसऱ्या घरी नांदावयास जाई आणि गाव त्याचा बाऊ करीत नसे. सुधारकांनी जे महत्प्रयासाने मिळविले, ते कष्टकऱ्यांच्या घरी आधीपासूनच होते, हे सांगितलेच पाहिजे.

गोमंतकाची गोष्ट आणखी वेगळी. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा येथे १८७० पासून लागू झाला. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर ३ नोव्हेंबर १९१० रोजी घटस्फोटाचा कायदा झाला आणि तोही येथे आला. पलीकडे मुंबई राज्यात हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा कायदा १९४७ साली मिळाला आणि देशभर १९५५ साली. मुक्तीनंतर येथील हे कायदे कायम ठेवण्यात आले. विवाहात वेगळा करार नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामायिक, हे तत्त्वही येथलेच. कागदावर पाहिले तर गोमंतकीय स्त्रीसाठी दार कितीतरी आधी किलकिले झाले होते. पण कायद्याचे दार उघडले तरी उंबरठ्यावर माणसे बसलेली असतात. सासर बसलेले असते, माहेर बसलेले असते, वाड्यावरची कुजबूज बसलेली असते.

आणि याच गोमंतकात देवळांच्या आश्रयाने राहणारा एक असा स्त्रीवर्ग होता, ज्याला हे दारच नव्हते. कलावंतिणींच्या घरांत गाणे होते, विद्या होती, लेकरे होती. पण विवाह नव्हता. आई हीच घराची कर्ती आणि मुलाची ओळख तिच्यापासूनच. या समाजाने स्वतःची सुधारणा स्वतः कशी केली, ते राजाराम पैंगीणकरांच्या ‘मी कोण?’ या १९६९ सालच्या आत्मचरित्रातून समजते. पुस्तकाचे हे नावच केवढे बोलके आहे! ज्या मुलाला समाज ‘तू कोणाचा?’ असे विचारतो, त्याने तो प्रश्न उलटवून स्वतःलाच विचारलेला आहे.

अशाच एका घरी, फोंडे महालातील मंगेशी येथे, १९०० साली दीनानाथांचा जन्म झाला. आई येसूबाई राणे या देवळाच्या परंपरेतील गायिका; वडील गणेशभट अभिषेकी हे मंगेशाच्या सेवेतील पुजारी. दीनानाथांनी आडनाव घेतले ते आईचेही नव्हे आणि वडिलांचेही नव्हे. त्यांनी देवाच्या गावाचे नाव घेतले आणि मंगेशकर झाले. १९१८ साली बळवंत संगीत मंडळी स्थापन झाली आणि या गोमंतकीय गळ्याने मराठी रंगभूमी दिपवून टाकली. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा थोरली लता बारा वर्षांची, आशा आठ वर्षांची आणि धाकटा हृदयनाथ तर अगदीच लहान. पाच मुलांना घेऊन माई मंगेशकर एकट्या राहिल्या. येसूबाईंच्या मागे विवाहाचा आधार नव्हता, माईंच्या मागे होता तो काळाने हिरावून नेला. एकाच घरातील लागोपाठच्या दोन पिढ्यांत आईला मुले एकटीनेच वाढवावी लागली.

तिसरी पिढी म्हणजे आशा भोसले. ८ सप्टेंबर १९३३ रोजी सांगली येथे त्यांचा जन्म झाला आणि १९४३ साली ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटासाठी त्यांनी पहिले गीत गायिले. १९४९ साली, वयाच्या १६ व्या वर्षी, घरच्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांनी गणपतराव भोसले यांच्याशी विवाह केला. गणपतराव त्यांच्यापेक्षा सुमारे पंधरा वर्षांनी मोठे. वयातील हे अंतर त्या काळच्या रीतीस धरूनच होते. १९६० साली तो संसार मोडला. दोन मुले बरोबर आणि तिसरे पोटात, अशा स्थितीत आशाताई आईच्या घरी परतल्या. संसार का मोडला याची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. प्रस्तुत आहे ते पुढचे. हेमंत, वर्षा आणि आनंद ही तीन मुले, आणि दिवसाकाठी एका ध्वनिमुद्रणगृहातून दुसऱ्यात जाणारी त्यांची आई. १९५७ च्या ‘नया दौर’ने त्यांना मोठी ओळख मिळवून दिली होती, पण नायिकेची भावगर्भ गीते सहसा थोरल्या बहिणीकडे जात आणि नाचाची, खट्याळपणाची गाणी यांच्याकडे येत. वाट्याला आलेल्या गाण्याचे त्यांनी सोने केले. घरी तीन तोंडे खाणारी असताना गाण्याची निवड करण्याची चैन कुणाला परवडते? १९६६ साली गणपतरावांचे निधन झाले.

याच सुमारास राहुलदेव बर्मन, ज्यांना सारे ‘पंचम’ म्हणत, ते स्वतंत्र संगीतकार म्हणून पुढे येत होते. त्यांचा जन्म २७ जून १९३९ चा. म्हणजे आशाताईंपेक्षा जवळजवळ सहा वर्षांनी धाकटे. त्यांचे वडील सचिनदेव बर्मन यांच्यासाठी आशाताई १९५७ नंतरच्या काळात पुष्कळ गायिल्या. हा मुलगा वडिलांचा साहाय्यक म्हणून तेथे असे. १९६६ च्या ‘तीसरी मंजिल’ने या दोघांच्या कामाची जोडी जमली. पाश्चात्त्य ताल, श्वासांचे खेळ, शब्दांच्या मधल्या जागा, जे जे इतर गायिकांना अवघड किंवा अप्रशस्त वाटे, ते ते पंचम या आवाजाकडून मागत आणि हा आवाज ते देई. पंचमचा स्वतःचा पहिला विवाह १९७१ साली घटस्फोटाने संपला. आशाताईंशी त्यांचा विवाह झाला तो १९८० च्या सुमारास.

या तारखांकडे श्रोत्यांनी जरा शांतपणे पाहावे. १९६० मध्ये संसार मोडला आणि दुसरा विवाह झाला तो वीस वर्षांनी. ‘तीसरी मंजिल’पासून मोजले तरी चौदा वर्षे. विवाहाच्या वेळी आशाताई सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांच्या, पंचम चाळिशीच्या उंबरठ्यावर आणि धाकटा मुलगाही वीस वर्षांचा. ज्याला वर्तमानपत्री भाषेत ‘प्रेमप्रकरण’ म्हणतात, त्यात घाई असते. येथे घाई दिसत नाही. येथे दिसते ती कामातून वाढत गेलेली ओळख आणि ओळखीतून वाढत गेलेला विश्वास. ते नाते आतून कसे होते, हे त्या दोघांवाचून कुणाला ठाऊक असणार? बाहेरच्याने फक्त तारखा वाचाव्यात आणि गाणी ऐकावीत. १९८७ च्या ‘इजाजत’मध्ये पंचमने बांधलेल्या, मुक्तछंदातील एका गीतासाठी आशाताईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या काळात निर्माते पंचमकडे पाठ फिरवू लागले होते, त्याच काळातले हे गीत आहे. ४ जानेवारी १९९४ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, पंचमचे निधन झाले. ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’चे यश त्यांना पाहावयास मिळाले नाही. धाकट्याशी विवाह करणाऱ्या स्त्रीला लोक म्हणतात, ‘उद्या तू म्हातारी होशील तेव्हा तो काय करील?’ येथे धाकटाच आधी गेला. पुढच्याच वर्षी, १९९५ साली, ‘रंगीला’ने ६० वर्षे उलटलेला तो आवाज नव्या पिढीच्या कानी घातला.

ही कथा एकट्या गोमंतकाची किंवा चित्रपटसृष्टीची नव्हे. इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांनी १७३५ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, एलिझाबेथ पोर्टर या तीन मुलांच्या विधवेशी विवाह केला. ती त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी. मित्रांनी पाठीमागे नकला केल्या. तिच्या थोरल्या मुलाने तर आईशी संबंधच तोडला. १७५२ साली ती वारली, आणि हा विद्वान मनुष्य अखेरपर्यंत तिच्यासाठी प्रार्थना करीत राहिला. दुसरे उदाहरण रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे. १८७६ साली फ्रान्समध्ये त्यांना फॅनी ऑस्बोर्न भेटली. ती दहा वर्षांनी मोठी, पतीपासून दुरावलेली, बरोबर मुले. १८८० साली घटस्फोटानंतर त्यांचा विवाह झाला. पुढच्या वर्षी एका पावसाळी सुटीत फॅनीच्या लॉइड या मुलाबरोबर खेळताना एका काल्पनिक बेटाचा नकाशा तयार झाला आणि त्या नकाशातून ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी निघाली. जगभरच्या मुलांनी वाचलेले ते पुस्तक स्टीव्हन्सन यांनी या सावत्र मुलालाच अर्पण केले आहे.

ही दोन्ही उदाहरणे मुद्दाम शेजारी ठेवली आहेत. कारण आईच्या दुसऱ्या संसाराचा खरा प्रश्न वयाचा नसून मुलांचा आहे. एका घरात मुलगा कायमचा दुरावला, तर दुसऱ्यात मुलासोबत बेटाचा नकाशा काढला गेला. आईने पुन्हा सुखी व्हावे असे म्हणणाऱ्यांनी मुलाच्या मनातील भीती क्षुल्लक मानू नये. आपली आई वाटून घेतली जाईल, गेलेल्या किंवा दूर असलेल्या बापाची जागा पुसली जाईल, वर्गातली मुले काय म्हणतील, ही भीती खरी असते. ती दरडावून जात नाही. काळ आणि वागणूक यांनीच जाते. घरात येणाऱ्या पुरुषाने बाप होण्याची घाई न करता आधी मित्र व्हावे. आईने मुलाला अंधारात न ठेवता, त्याच्या वयाला झेपेल तेवढे सांगावे. आणि आजी-आजोबांनी नातवाला हेर करू नये, एवढी पथ्ये पाळली तरी पुष्कळ साधते.

त्याचबरोबर दुसरी बाजूही मांडलीच पाहिजे. प्रत्येक धाकटा पुरुष पंचम नसतो. एकट्या बाईच्या मिळकतीवर, घरावर, एकटेपणावर डोळा ठेवून येणारेही असतात. सावधगिरीचा सल्ला देणाऱ्या थोरल्या बहिणीला किंवा मामाला लगेच प्रतिगामी ठरविणे अन्यायाचे होईल. पण सावधगिरी वेगळी आणि शिक्षा वेगळी. सावधगिरी विचारते, ‘हा मनुष्य कसा आहे? कष्ट करतो का? तुझ्या लेकराशी कसा बोलतो?’ शिक्षा विचारते, ‘या वयात तुला हे सुचलेच कसे?’ पहिल्या प्रश्नांना उत्तर असते आणि त्यातून शहाणपणही निघते. दुसऱ्याला उत्तर नसते, कारण तो प्रश्न नसतोच. तो मान खाली घालावयास लावण्याचा प्रकार असतो. हाच प्रश्न चाळिशीतल्या विधुराला कोणी विचारीत नाही. त्याच्यासाठी तेराव्याच्या पंगतीतच स्थळे सुचविली जातात आणि ‘मुलांना आई हवी’ असे कारणही दिले जाते. मुलांना आई हवी असेल, तर आईलाही कुणीतरी हवे असू शकते, एवढा साधा विचार अजून आपल्या जिभेवर सहज येत नाही.

डिचोली, पेडणे, सत्तरीच्या वाड्यांवरही नवऱ्यामागे एकट्या पडलेल्या आया आहेत. कोणी शाळेत शिकविते, कोणी बाजारात बसते, कोणी कचेरीत जाते. त्यांपैकी प्रत्येकीने दुसरा संसार करावा असे कुणाचेच म्हणणे नाही. पार्वतीबाईंची वाट होती, माईंची होती, तीही मानाचीच. परंतु एखादीच्या आयुष्यात उशिरा, अनपेक्षितपणे, तिच्याहून धाकट्या अशा कुणाची माया आली, तर गावाने तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे गावाच्या हाती आहे. कायद्याने आपले काम १९१० साली केले. सुधारकांनी १८९३ साली केले. उरले आहे ते शेजाऱ्याचे काम, आणि ते कुठल्याही राजपत्रात लिहून येत नसते.

ग्रंथालयाला शंभर वर्षे झाली म्हणजे चार पिढ्यांनी येथून पुस्तके घरी नेली. त्यांतील कितीतरी स्त्रियांनी ‘श्यामची आई’ उघडपणे आणि ‘हिंदोळ्यावर’ पदराआड नेली असेल. पुढच्या शतकात ही दोन्ही पुस्तके एकाच हातात, एकाच वेळी, उघडपणे घरी जावीत. आणि ती नेणारी बाई एखाद्या लेकराची एकटी आई असेल, तर देवघेवीच्या खिडकीशी बसलेल्याने तिची नोंद करून तिला नेहमीसारखेच ‘पुन्हा या’ म्हणावे. या शताब्दीच्या निमित्ताने एवढीच सदिच्छा व्यक्त करून हे व्याख्यान येथे पुरे करणे उचित होईल.